गाईच्या मूत्रपिंडात गाठ सापडली तर: नव्या पशुवैद्यकांसाठी शवविच्छेदनाची वाट

हा लेख नुकतीच पदवी घेऊन दवाखान्यात रुजू झालेल्या, इंटर्नशिप करणाऱ्या आणि पहिल्यांदाच एकट्याने गाईचे किंवा बैलाचे पोस्टमॉर्टेम करायला निघालेल्या मित्रमैत्रिणींसाठी आहे. विषय तसा अरुंद आहे: मूत्रपिंडातली गाठ आणि ती शरीरात कुठे कुठे गेली आहे ते शोधण्याची रीत. पण ही रीत एकदा हाताला बसली की इतर कोणत्याही अवयवातल्या गाठीला तीच उपयोगी पडते.

गुरांमध्ये मूत्रपिंडाची स्वतःची अर्बुदे, म्हणजे पेशींच्या बेसुमार वाढीतून होणाऱ्या गाठी, दुर्मीळ आहेत, आणि जी असतात ती बहुतेक जनावर जिवंत असताना कळतच नाहीत. शिंगाचा कर्करोग आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही ओळखता येतो, कारण बैल डोके तिरके धरतो, शिंग लटकते, नाकपुडीतून रक्त येते. मूत्रपिंडाचे तसे नाही. ते पाठीखाली चरबीत दडलेले असते आणि शेवटपर्यंत गप्प असते. युरोपात या गाठींची माहिती मुख्यतः कत्तलखान्यातल्या तपासणीतून जमा झाली. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे तो रस्ता आपल्याला नाही. म्हातारी गाय गोठ्यात, गोशाळेत किंवा पांजरपोळात मरते आणि बहुधा न उघडताच पुरली जाते. अर्बुद हा मुख्यतः उतारवयाचा आजार, आणि नेमकी तीच जनावरे कोणी तपासत नाही. म्हणून तुम्ही केलेल्या प्रत्येक नीट पोस्टमॉर्टेमला मोल आहे, हे मी अगदी मनापासून सांगतो.

एकच गोष्ट धरून ठेवा: मूत्रपिंडात गाठ दिसली म्हणजे तपास संपला असे समजू नका, तिथून तो सुरू होतो. गाठ ज्या वाटांनी पसरते त्या शरीररचनेने ठरवून दिलेल्या असतात. त्या वाटांनी क्रमाने चालत गेलात तर काही सुटत नाही.

चाकू लावण्याआधी

जनावर अचानक मेले असेल, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल, अंग नेहमीसारखे ताठरले नसेल, तर ते उघडू नका. काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरा. कानाच्या शिरेतून रक्ताची काचपट्टी करा, पॉलिक्रोम मिथिलीन ब्लूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा आणि काळपुळी नाही याची खात्री झाल्यावरच पुढे जा. उघडलेल्या शवातले जंतू हवेच्या संपर्कात बीजाणू बनवतात आणि ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. गाठ शोधण्याच्या उत्साहात हा नियम मोडू नका.

हातमोजे, गमबूट, एप्रन आणि मास्क घाला. क्षयरोग, ब्रुसेला आणि लेप्टोस्पायरा हे तिन्ही माणसाला लागतात, आणि लेप्टोचा तर मूत्रपिंड हाच मुक्काम.

कानातला बारा आकडी पिवळा टॅग आधी वाचा, फोटो काढा, क्रमांक लिहून घ्या. विम्याचे जनावर असेल तर टॅग कानासकट जपून ठेवा. मग मालकाशी बोला. वय काय, किती वेत झाली, दूध कधीपासून घटले, अंग उतरत होते का, लघवी कधी लाल होती का, मागचे पाय लटपटत होते का, डोळा बाहेर आल्यासारखा वाटत होता का. शेवटचे दोन प्रश्न मूत्रपिंडाशी संबंध नसलेले वाटतील. ते का विचारायचे ते पुढे येईल.

वेळ घालवू नका. कोठीपोटातला आंबवणारा चारा मेल्यावरही उष्णता आणि वायू तयार करत राहतो, त्यामुळे गुरांचे शव आतून लवकर सडते. विदर्भाच्या उन्हाळ्यात काही तासांतच मूत्रपिंड मऊ, हिरवट-काळपट होते आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखणे कठीण होऊन बसते.

निरोगी मूत्रपिंड आधी डोळ्यांत साठवा

गाईचे मूत्रपिंड द्राक्षाच्या घडासारखे पाळ्यापाळ्यांचे असते. साधारण वीस पाळ्या, लहानमोठ्या, वरून वेगळ्या दिसणाऱ्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याला या पाळ्याच गाठी वाटतात, आणि उलटही होते: खरी गाठ एक मोठी पाळी म्हणून सोडून दिली जाते. फरक असा की निरोगी पाळी शेजारच्या पाळ्यांच्याच लालसर तपकिरी रंगाची असते, आणि कापल्यावर बाहेरचा कॉर्टेक्स व आतला मेड्युला हे दोन थर स्वच्छ वेगळे दिसतात. गाठीत हे थर नसतात.

मोठ्या जनावरात एकेक मूत्रपिंड साधारण अर्धा ते पाऊण किलोचे असते. माणसात, शेळीत किंवा कुत्र्यात असते तशी मूत्र गोळा होणारी रीनल पेल्व्हिसची पोकळी गाईत नसते. प्रत्येक पाळीचे टोक एका छोट्या पेल्यात उघडते, ते पेले दोन मोठ्या नळ्यांना मिळतात आणि त्या नळ्यांपासून थेट मूत्रवाहिनी सुरू होते. पुस्तकातली शेळीची आकृती डोक्यात ठेवून गाईचे मूत्रपिंड उघडलेत तर गोंधळ होईल.

जागाही नीट लक्षात ठेवा. उजवे मूत्रपिंड शेवटच्या बरगडीखाली, कमरेच्या पहिल्या दोन-तीन मणक्यांलगत घट्ट बसलेले असते आणि त्याचे पुढचे टोक यकृताच्या खळग्यात टेकलेले असते. डावे मूत्रपिंड मात्र कोठीपोटाने ढकलल्यामुळे मध्यरेषा ओलांडून उजवीकडे, आणि उजव्याच्या मागे लोंबकळते. ते पिळवटल्यासारखे, तीन बाजूंचे असते. मूत्रपिंडाशेजारची डावी ॲड्रिनल ही संप्रेरक ग्रंथी त्याच्याबरोबर सरकत नाही, ती मोठ्या रक्तवाहिन्यांपाशीच राहते. ती तिथे शोधावी लागते, आणि शोधायचीच आहे.

उघडणे आणि बाहेर काढणे

जनावर डाव्या कुशीवर झोपवा म्हणजे कोठीपोट खाली जाते. उजवे पुढचे आणि मागचे पाय कापून मागे पाडा, पोटाची उजवी भिंत आणि बरगड्या काढा. आतडी बाजूला सारण्यापूर्वी जरा थांबा. पोटात पाणी आहे का, असेल तर किती आणि कोणत्या रंगाचे, आवरणांवर बारीक दाणे आहेत का, हे आत्ताच दिसते. एकदा आतडी ओढली आणि काही फाटले की ही माहिती गेली.

आतडी आणि पोटे काढल्यावर मूत्रपिंडे अजून शरीरातच असू द्या. आधी ती जागच्या जागी पाहा आणि हाताने चाचपा. भोवतालची चरबी सुटी आहे की मूत्रपिंडाला चिकटून कडक झाली आहे? पाठीच्या स्नायूंना काही धरून बसले आहे का? गाठ आवरण फोडून बाहेर आली असेल तर ती सर्वांत आधी या चरबीत आणि कमरेच्या मणक्यांखालच्या सोआस स्नायूत शिरते, आणि मूत्रपिंड ओरबाडून काढले की हा पुरावा हातचा जातो. इथे एक फसवणूक संभवते. गाईच्या पोटातल्या चरबीचाच नाश होऊन तिचे टणक गोळे बनतात, विशेषतः मूत्रपिंडाभोवती. ते हाताला थेट अर्बुदासारखे लागतात. कापल्यावर आत साबणासारखी कोरडी, खडूसर पांढरी चरबी दिसली तर ते अर्बुद नव्हे.

मग दोन्ही मूत्रपिंडे, दोन्ही ॲड्रिनल, मूत्रवाहिन्या आणि मूत्राशय असा संच एकत्र काढा. महाधमनी आणि पश्च महाशिरा यांचा कमरेतला भागही त्यांच्यासोबत आला तर उत्तम. मूत्रपिंड वेगळे तोडून आणण्याची घाई नवखे हमखास करतात, आणि मग नेमकी जी शीर उघडायची असते तीच कापली गेलेली असते.

कापून पाहणे

फुगीर कडेपासून खळग्यापर्यंत मूत्रपिंडाचे उभे दोन भाग करा, पण पूर्ण तोडू नका, पुस्तकासारखे उघडे ठेवा. पातळ आवरण चिमट्याने सोलून काढा. ते सहज सुटायला हवे. जिथे अडकते तिथे खाली काहीतरी आहे. नंतर प्रत्येक अर्ध्याचे एकेक सेंटीमीटरचे काप घ्या, कारण लहान गाठ पाळीच्या पोटात लपते. दुसऱ्या मूत्रपिंडाचेही तसेच काप घ्या, मग ते वरून कितीही निरोगी दिसो.

गाठ दिसली तर आधी ती मोजा. लांबी, रुंदी, जाडी सेंटीमीटरमध्ये. किती गाठी, कोणत्या मूत्रपिंडात, कॉर्टेक्समध्ये की मेड्युलात की नळ्यांच्या तोंडाशी. रंग, कडकपणा, कापलेला भाग कसा दिसतो. शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या. "मोठी गाठ" हे वाचून प्रयोगशाळेतल्या माणसाला काहीही कळत नाही.

आता ओळखीबद्दल. नुसत्या डोळ्यांनी पक्के निदान होत नाही, पण अंदाज बांधता येतो.

मूत्रनलिकांच्या पेशींपासून होणारा कार्सिनोमा (कर्करोग) हे गुरांच्या मूत्रपिंडात मूळ धरणारे मुख्य अर्बुद. ते प्रौढ आणि म्हाताऱ्या जनावरात, कॉर्टेक्समध्ये सापडते. रंग पिवळसर तपकिरी किंवा राखाडी, मध्ये मध्ये रक्तस्रावाचे आणि मेलेल्या ऊतीचे पट्टे, कडा बहुधा स्पष्ट, कारण गाठ वाढताना शेजारच्या ऊतीला दाबत जाते. गुरांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हा कार्सिनोमा एकाच वेळी अनेक ठिकाणी, अगदी दोन्ही मूत्रपिंडांतही असू शकतो. म्हणून "दोन्हीकडे आहे म्हणजे बाहेरूनच आला असणार" हा निष्कर्ष घाईचा ठरतो. त्याच पेशींची साधी, न पसरणारी गाठ म्हणजे ॲडिनोमा. ती लहान असते. ढोबळ मानाने २ सेंटीमीटरच्या आतल्या गाठीला ॲडिनोमा म्हणण्याची पद्धत आहे, पण आकारावर विसंबून निकाल देऊ नका, तुकडा पाठवा.

वासरात किंवा तरुण जनावरात मोठी, राखाडी-पांढरी, पाळीदार, कुठे कुठे पाण्याच्या पोकळ्या असलेली गाठ दिसली तर नेफ्रोब्लास्टोमाचा विचार करा. गर्भावस्थेतल्या मूत्रपिंडाच्या ऊतीपासून ही गाठ होते. डुकरे आणि कोंबड्यांत ती बरीच आढळते, गुरांत क्वचित.

आणि मग लिम्फोमा, म्हणजे लसिका (लिम्फ) पेशींचा कर्करोग. हा मूत्रपिंडाचा नव्हे, पण मूत्रपिंडात वरचेवर शिरणारा. पांढरट-साईच्या रंगाच्या, मऊ, एकसारख्या गाठी किंवा सगळे मूत्रपिंडच फिकट आणि फुगलेले. कापले की कापलेला भाग वर फुगून येतो. प्रौढ गाईत याच्यामागे बहुधा बोव्हाइन ल्युकेमिया विषाणू असतो. वासरात जो लिम्फोमा होतो त्याचा या विषाणूशी संबंध नसतो, तिथे बहुतेक लसिका ग्रंथी, यकृत आणि मूत्रपिंडे एकदमच भरलेली सापडतात.

नळ्यांच्या तोंडाशी किंवा मूत्राशयात फुलकोबीसारखी वाढ आणि रक्त असेल तर वेगळी कथा. उत्तराखंड, हिमाचल, दार्जिलिंग आणि निलगिरीच्या डोंगराळ चराईत ब्रॅकन नावाचे नेचे खाऊन गुरांना वर्षानुवर्षे रक्तमूत्र होते. त्या नेच्यातले टॅक्विलोसाइड हे द्रव्य आणि गाईंतला पॅपिलोमा विषाणू मिळून मूत्राशयात अर्बुदे घडवतात. तिकडून आणलेले जनावर असेल तर मालकाला हे अवश्य विचारा.

गाठ नसलेल्या गाठी

इथे जास्त वेळ द्या, कारण रोजच्या कामात अर्बुदापेक्षा हेच जास्त दिसेल.

पिवळी, चीज किंवा पनीर कुस्करल्यासारखी गाठ आणि चाकूखाली रेतीसारखी करकर, तर क्षयरोग. अशा वेळी मास्क नीट बसवा आणि फुफ्फुसाच्या ग्रंथींकडे लगेच वळा. कॉर्टेक्सच्या कडेला रुंद आणि आत निमुळता होत जाणारा पाचरीच्या आकाराचा फिकट भाग म्हणजे इन्फार्क्ट, रक्तपुरवठा तुटून मेलेला तुकडा. तो दिसला तर हृदयाच्या झडपा पाहा, उत्तर बहुधा तिथे मिळते. पू असलेले पेले, जाड झालेली मूत्रवाहिनी, कुरतडल्यासारखी मेड्युला हा पायलोनेफ्रायटिस. व्यायल्यानंतर योनीमार्गे वर चढणाऱ्या जंतुसंसर्गातून तो गाईंत होतो. पातळ भिंतीची, स्वच्छ पाण्याची एखादी पोकळी बहुतेक वेळा निरुपद्रवी सिस्ट असते. पण भिंत जाड, थराथरांची आणि आत पांढरी बारीक वाळू असेल तर तो हायडॅटिडचा, म्हणजे कुत्र्याच्या फीतकृमीच्या अळीचा फोड. तो कुत्र्यांच्या तोंडी जाता कामा नये, कारण कुत्र्यातून तो माणसाला होतो. बैलाच्या मूत्रपिंडात सगळी ऊती पातळ होऊन नुसती पिशवी उरली असेल तर खाली मूत्रमार्गात खडा शोधा. वासराच्या मूत्रपिंडावरचे पांढरे ठिपके जंतुसंसर्गाच्या जुन्या खुणा असतात.

ॲड्रिनल ग्रंथीची गाठही मूत्रपिंडाची म्हणून लिहिली जाते. गुरांत ॲड्रिनलच्या गाठी मूत्रपिंडाच्या गाठींइतक्या दुर्मीळ नाहीत. म्हणूनच दोन्ही ॲड्रिनल शोधून, कापून, त्या वेगळ्या दाखवता आल्या पाहिजेत.

पसरण्याच्या वाटा

पहिली वाट शिरेची. मूत्रपिंडाची शीर कात्रीने उघडत पश्च महाशिरेपर्यंत जा आणि तिथून पुढे छातीकडे. आत काही भरलेले दिसले तर ते मेल्यानंतर गोठलेले रक्त आहे की शिरेत वाढत गेलेली गाठ, हे ठरवा. मेल्यानंतरची गुठळी चकचकीत, लवचिक असते आणि उचलली की सुटून येते. गाठीचा किंवा जिवंतपणी झालेला गोळा निस्तेज असतो, शिरेच्या भिंतीला चिकटलेला असतो आणि ओढला की तुटतो. त्याचा तुकडा घ्या.

हेच रक्त उजव्या हृदयातून थेट फुफ्फुसात जाते. मूत्रपिंडाच्या कार्सिनोमासाठी फुफ्फुस ही पहिली चाळणी, म्हणून तिथे सर्वांत जास्त वेळ द्यायचा. फुफ्फुस नुसते पाहू नका. दोन्ही तळव्यांमध्ये धरून प्रत्येक खंड कडेपासून मुळापर्यंत चाचपा, मग एक-दोन सेंटीमीटरच्या अंतराने काप घ्या. पसरलेल्या गाठी सहसा गोल, कडा स्पष्ट असलेल्या, लहानमोठ्या आकाराच्या आणि दोन्ही फुफ्फुसांत विखुरलेल्या असतात. फुफ्फुसात एकच मोठी गाठ आणि मूत्रपिंडात बारीक बारीक अनेक असतील तर दिशा उलटी असू शकते: मूळ फुफ्फुसात किंवा आणखी कुठे, आणि मूत्रपिंड हा नंतरचा मुक्काम.

दुसरी वाट लसिकेची. मूत्रपिंडाच्या खळग्यापाशी, रक्तवाहिन्यांलगत रीनल लसिका ग्रंथी असतात. त्या आणि महाधमनीच्या दोन्ही बाजूंच्या कमरेतल्या ग्रंथी काढून कापा. फुगलेल्या, कापल्यावर एकसारख्या पांढऱ्या किंवा मूळ गाठीच्याच रंगाच्या ग्रंथी संशयास्पद. इथेच महाधमनीलगत गडद लाल, काही मिलिमीटरचे मणी दिसतील. त्या हीमल ग्रंथी, रवंथ करणाऱ्या जनावरात नेहमीच असतात. रक्तस्राव किंवा पसरलेली गाठ म्हणून त्यांची नोंद करू नका. छातीत श्वासनलिकेच्या मुळाच्या ग्रंथी आणि गाईत चांगली लांबट असणारी मागची मीडिॲस्टिनल (दोन फुफ्फुसांमधली) ग्रंथी हेही पाहून घ्या.

तिसरी वाट शेजाराची: चरबी, स्नायू, ॲड्रिनल, पोटाचे आवरण आणि उजवीकडून यकृताचा टेकलेला भाग. यकृताचे काप मात्र सगळीकडून घ्या, कारण तिथे गाठ रक्तातूनही येते.

गाठ लिम्फोमाची वाटत असेल तर या वाटा पुरणार नाहीत. प्रौढ गाईतल्या लिम्फोमाच्या आवडत्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या सगळ्या उघडाव्या लागतात: हृदयाचा उजवा कर्णिका भाग, चौथे पोट, गर्भाशय, डोळ्यामागची खाच आणि मणक्याच्या नळीतील मज्जारज्जूबाहेरची चरबी. मालकाला मागच्या पायांबद्दल आणि डोळ्याबद्दल विचारायला सांगितले ते याचसाठी. चौथ्या पोटाची भिंत बोटाच्या जाडीची झाली असेल, कर्णिकेच्या भिंतीत पांढरट थर असेल, तर मूत्रपिंडातली गाठ हा मोठ्या आजाराचा एक तुकडा आहे.

आणि हो, गाठ सापडली म्हणून बाकीचे पोस्टमॉर्टेम सोडू नका. जाळीपोटातली तार हृदयाला टोचून गाय मेली असेल आणि मूत्रपिंडातली गाठ नुसती सोबतीला असेल. मृत्यूचे कारण आणि सापडलेली गोष्ट या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

नमुने

जंतूंची शंका असेल तर फॉर्मलिनमध्ये काहीही टाकण्याआधी निर्जंतुक डबीत तुकडा घेऊन बर्फावर ठेवा. गाठीच्या ताज्या कापावर काचपट्टी हलकेच टेकवून दोन-तीन ठसे घ्या, हवेत वाळवा. लिम्फोमा बऱ्याचदा या ठशांवरच, गिम्सा रंगात, ओळखू येतो.

ऊतीसाठी १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन लागते. बाजारातले ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचे द्रावण १०० मिली, पाणी ९०० मिली, त्यात सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. तुकडा १ सेंटीमीटरपेक्षा जाड नको, अर्धा असेल तर अधिक बरा, आणि फॉर्मलिन त्याच्या दहापट. जाड तुकडा बाहेरून पक्का होतो आणि आतून सडतो. गाठीच्या मधोमधचा तुकडा घेऊ नका, तिथे बहुधा मेलेली ऊती असते. अर्धी गाठ आणि अर्धे निरोगी मूत्रपिंड असा काठावरचा तुकडा घ्या. मूत्रपिंड, रीनल ग्रंथी, फुफ्फुस, यकृत, शिरेतला गोळा हे वेगवेगळ्या, रुंद तोंडाच्या बरण्यांत. अरुंद तोंडाच्या बाटलीत मऊ तुकडा ढकलून जातो, कडक झालेला बाहेर येत नाही. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, कारण शाई फॉर्मलिनमध्ये विरघळते. ऊती गोठवू नका. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात.

पाठवायचे कुठे? पुण्यात औंधला राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. मुंबईत परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विकृतीशास्त्राचे विभाग आहेत. जवळच्या ठिकाणी आधी फोन करा आणि नमुन्यासोबत पूर्ण इतिहास, मापे आणि फोटो द्या. गाठीच्या पेशी कोणत्या जातीच्या हे साध्या रंगात ठरले नाही तर प्रयोगशाळा विशेष रंगकाम करू शकते, पण त्यासाठी नमुना नीट जपलेला लागतो.

जिवंत जनावरात

गाईच्या डाव्या मूत्रपिंडाला गुदमार्गे हात लागतो. गाभण तपासणीच्या वेळी रोज ते चाचपायची सवय लावा, पाळ्या बोटांना ओळखीच्या झाल्या की मोठेपणा आणि टणकपणा लगेच जाणवतो. उजवे मूत्रपिंड सोनोग्राफीने उजव्या भुकेच्या खड्ड्यातून पाहता येते. रक्तातले युरिया आणि क्रिएटिनिन सामान्य आले म्हणून निश्चिंत होऊ नका. मूत्रपिंडाचे सुमारे तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत ते वाढत नाहीत, आणि एका बाजूच्या गाठीत दुसरे मूत्रपिंड सगळे सांभाळून घेते.

लाल लघवी घेऊन आलेल्या गाईत अर्बुद हा शेवटचा विचार. लघवी काचेच्या नळीत उभी ठेवा किंवा सेंट्रिफ्यूज करा. लाल थर तळाशी बसून वर स्वच्छ पाणी उरले तर रक्त, सगळेच लाल राहिले तर हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन असेल तर संकरित गाईत आधी गोचिडांतून येणारा बॅबेसिया हा रक्तातला परजीवी आणि नुकत्याच व्यालेल्या म्हशीत फॉस्फरसची कमतरता तपासा.

अहवाल आणि मालकाचे प्रश्न

अहवालात दिसले ते लिहा. "उजव्या मूत्रपिंडाच्या कॉर्टेक्समध्ये ९ गुणिले ७ गुणिले ६ सेंटीमीटरची पिवळसर, टणक गाठ, दोन्ही फुफ्फुसांत अनेक गोल गाठी, अर्बुद आणि त्याच्या प्रसाराचा संशय, ऊती तपासणीसाठी पाठवली" असे. तपासणीचा निकाल येण्याआधी "कर्करोगाने मृत्यू" असे लिहू नका. विम्याच्या कागदावर आणि मालकाच्या मनात ते शब्द कायमचे राहतात.

मालक दोन गोष्टी विचारेल. बाकीच्या गुरांना लागेल का? मूत्रपिंडाचा कार्सिनोमा एका जनावरातून दुसऱ्यात जात नाही, हे निःशंक सांगा. लिम्फोमा निघाला तर उत्तर बदलते. ल्युकेमिया विषाणू मुख्यतः रक्तातून पसरतो: एकाच सुईने सगळ्या गोठ्याला इंजेक्शन, न धुतलेले टॅग लावायचे पक्कड, शिंगे जाळण्या-कापण्याची हत्यारे, एका गाईतून दुसऱ्या गाईत तोच रक्ताळलेला हातमोजा. लागण झालेल्या गाईंपैकी अर्बुद ५ टक्क्यांपेक्षा कमी गाईंना होते, त्यामुळे धडधाकट दिसणारी गायही विषाणू बाळगत असते. बाकीच्या गाईंचे रक्त एलायझा चाचणीसाठी पाठवा आणि त्या दिवसापासून एका जनावराला एक सुई.

दूध चालेल का? उकळल्यावर हा विषाणू टिकत नाही, आणि दूध उकळूनच घ्या हे क्षयरोग आणि ब्रुसेलासाठीही सांगायचेच आहे.

शव खोल खड्ड्यात चुना टाकून पुरून घ्या, कुत्री उकरणार नाहीत इतके. हत्यारे धुऊन उकळा. आणि बरणीवरचा क्रमांक, टॅगचा क्रमांक आणि मालकाचा फोन तुमच्या वहीत एकाच ओळीत लिहा. प्रयोगशाळेचा निकाल यायला आठवडे लागतात, आणि तो आल्यावर मालकाला फोन करून सांगायचा आहे.